दोन आणि तीनच्या मधे

चेंडू भोकापासून वीतभर होता.

मोजूनच सांगायचं तर वीतही नाही, चार बोटं कमी. एवढ्यावरचा चेंडू नुकतं चालायला लागलेलं मूलसुद्धा पायाने ढकलून आत घालेल. आणि त्या चेंडूवर गोल्फची आखूड काठी, पटर, धरून वाकलेल्या, सव्वीस वर्षं याच कामावर घर चालवलेल्या माणसाने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

ते कोणाला दिसत नसे. त्याची बॅग उचलणारा कॅडी म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, आणि या मेहुण्याला देवाने देह असा दिला होता की त्याच्याआड एक माणूस डोळे मिटून सहज उभा राहावा. गेली तीन वर्षं मेहुणा प्रत्येक भोकाभोवतीच्या हिरवळीवर बरोबर लोकांच्या आणि भावोजींच्या मधे, लोकांकडे तोंड करून उभा राही, आणि दूरवरचं झाड न्याहाळत असल्याचा चेहरा करी.

‘एक,’ खेळाडू मनात म्हणाला. एकला श्वास घ्यायचा. ‘दोन.’ दोनला सोडायचा. तीनला मारायचं.

तीन आलाच नाही. दोन आणि तीनच्या मधे हात गेला. उजव्या मनगटाला कोणी तरी मागून धक्का द्यावा तसा तो उडाला. चेंडू भोकात पडला की टक्क असा आवाज होतो. तो झाला नाही.

त्याने डोळे उघडले. पटर चेंडूच्या वरून पलीकडे गेला होता, आणि चेंडू जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा जागच्या जागी बसला होता.

मेहुणा खोकला. मग खेळाडूने मोजायच्या फंदात न पडता, उघड्या डोळ्यांनी चेंडू ढकलला. टक्क.

“किती?” टोपीवाल्याने विचारलं.

टोपीवाला हा त्या दिवशीचा जोडीदार. ऊन असो नसो, सुपाएवढी टोपी घालणारा, वीस वर्षांचा ओळखीचा. या खेळात एक मजेशीर पद्धत आहे: आपले फटके आपण लिहायचे नाहीत, ते जोडीदार लिहितो, आणि आपण त्याचे. पण जोडीदार स्वतःच्या चेंडूच्या काळजीत असतो, म्हणून प्रत्येक भोकानंतर तो नुसतं विचारतो आणि सांगितलं तेवढं लिहितो. सगळा डोलारा उभा आहे तो या एका ‘किती’वर.

“चार,” मेहुणा म्हणाला.

टोपीवाल्याने खेळाडूकडे पाहिलं. खेळाडू भोकात हात घालून चेंडू काढत होता. एवढ्या वेळात तीन चेंडू काढून झाले असते. टोपीवाल्याने चार लिहिले.

*

कॅडी लोक खेळाडूला ओळंबा म्हणत. बाप गवंडी होता हे एक कारण, आणि चेंडू सरळ जातो हे दुसरं. सव्वीस वर्षांत त्याने एकच मोठी स्पर्धा जिंकली, तीही एकोणीस वर्षांपूर्वी, बावीस पावलांवरून चेंडू भोकात घालून. त्याचा पितळी चषक घरी फ्रिजवर आहे. त्यात सध्या केसांच्या पिना आणि एक मोजपट्टी असते. त्या फटक्याची गोष्ट तो अजूनही विचारणाऱ्याला सांगे, न विचारणाऱ्याला मेहुणा सांगे. “मी ठरवलंच नव्हतं. अजून रेषा बघत होतो, तेवढ्यात हातानेच मारला.” ऐकणारा वाहवा करी. हाताला अक्कल असते, असं म्हणे.

मग तीन वर्षांपूर्वी एका साध्या सकाळी, साध्या हिरवळीवर, दोन वितींवरचा चेंडू मारताना त्याच हाताने स्वतःच्या अकलेने झटका दिला, आणि चेंडू भोकाच्या पलीकडे तीन हात गेला. लोक हसले. तोही हसला. पण त्या दिवसापासून हिरवळीवर जी भीती आली ती गेली नाही. तिने तिथेच मुक्काम केला.

लांबच्या फटक्यांची त्याला भीती नव्हती. दोनशे पावलांवर चेंडू तो आजही हवा तिथे ठेवी. भीती होती ती वितीची. चेंडू जितका जवळ, तितके हातपाय गार. मग ती मैदानाबाहेर पडली. कुलपात किल्ली घालताना आली. बँकेत सही करताना आली. दाढीचं पातं जाऊन यंत्र आलं. कोणाशी हस्तांदोलन करायचं असलं की तो आधी हात खिशात गरम करून घेई. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर जे नाव सांगेल ते नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या मैदानांवर पोहोचेल, आणि मग ‘किती?’ विचारण्याऐवजी लोक ‘कसं आहे?’ विचारतील, अशी त्याची खात्री होती.

बायकोला त्याने काही सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. फक्त दोन वर्षांपूर्वी एके सकाळी तिने त्याच्यापुढे अर्धाच कप चहा ठेवला.

“एवढासाच?”

“साखर कमी करायची आहे. दोघांनी,” ती म्हणाली आणि स्वतःलाही अर्धाच ओतून घेतला. त्याला वाटलं, वयाप्रमाणे डोक्यात काही तरी घेतलं असेल.

*

अठराव्या भोकाकडे चालताना मेहुणा त्याच्या कानाशी आला. “भावोजी, तो सरावाचा फटका होता. मी पाहिलं.”

“मेहुणे, तुम्ही पाठमोरे होता.”

“म्हणूनच स्पष्ट सांगू शकतो. समोर असतो तर शंका आली असती.”

एरवी तो हसला असता. त्या दिवशी वर्षातली शेवटची स्पर्धा होती. वर्षअखेरीच्या यादीत पहिल्या साठांनाच पुढच्या वर्षी खेळायचा परवाना. एकसष्टाव्याने पुन्हा पोरासोरांबरोबर पात्रता फेरीला उभं राहायचं, आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी या हाताने तिथे उभं राहणं म्हणजे न राहिल्यातच जमा. मेहुण्याचा सकाळपासून आकडेमोडीचा उद्योग चालू होता, आणि त्याचं उत्तर तो दर भोकाला नव्याने काढी.

“चारने तुम्ही बरोबर साठावे. मागून येणारं कोणी साठाव्या जागेच्या आसपास नाही. आता हे एक भोक नीट करा आणि घरी चला. पाचने...” त्याने पुढचं गिळलं.

“हवेतून गेला तरी तो फटकाच धरतात, मेहुणे.”

“मारायचा असला तर. मारायचा नसला तर सराव. हेतू कोणाला दिसतो का? मला माझ्या बायकोचा दिसत नाही, त्या टोपीला तुमचा काय दिसणार?”

अठरावं भोक त्याने कसं खेळलं ते नंतर त्याला आठवेना. एवढंच आठवलं की शेवटचा चेंडू हातभर लांब थांबला. मेहुणा आडवा उभा राहिला. एक, दोन, तीन. टक्क. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्याला फार लांबून ऐकू आल्या.

*

कार्ड द्यायच्या तंबूत एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग आणि बोटाएवढ्या पेन्सिलींचा डबा होता. टेबलापलीकडे नियमवाल्या बाई. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि अजूनही समोरच्याकडे पाढा चुकलेल्या मुलासारखं पाहायच्या. तंबूत खेळाडूंनाच प्रवेश, म्हणून मेहुणा दोरीबाहेर बॅग धरून उभा होता.

टोपीवाला आकडे वाचत गेला. पंधराला चार, सोळाला तीन. “सतराला...” तो थांबला. “चारच ना रे, ओळंब्या?”

आवाज साधा होता. पण त्या ‘च’मध्ये काय भरलंय हे खेळाडूला कळेना. त्याने पाहिलं असेल का? काय पाहिलं असेल, हुकलेला फटका की मिटलेले डोळे? उजवा हात मांडीखाली दाबून तो बसला होता, आणि तो हात तिथे पिंजऱ्यातल्या उंदरासारखा हलत होता. हो म्हणायचं, सही करायची, उठायचं. तीन गोष्टी. नुसतं हो म्हणायला हातही लागत नाही.

“बाई,” तो म्हणाला, “एक विचारायचंय.”

दोरीबाहेर बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

“सतराव्यावर माझा पटर चेंडूवरून गेला. लागला नाही.”

“मारायला गेला होतात?”

“मी तीनला मारतो. म्हणजे मनात मोजतो. हात दोनलाच गेला.”

बाईंनी चष्मा काढला. “पुन्हा सांगा.”

“मारायचंच होतं. पण तेव्हा नाही. मी म्हणायच्या आधी हात गेला.” आणि मग, तीन वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते दोघांसमोर बाहेर पडलं. “जातो तो. तीन वर्षं जातोय. चेंडू जवळ असला की भीती वाटते मला.”

टोपीवाला स्वतःच्या बुटाकडे पाहत होता.

बाईंनी नियमांचं पुस्तक ओढलं, पण उघडलं नाही. “पुस्तकात एवढंच आहे की मारायच्या हेतूने फिरवला तर फटका. हात आपोआप उडाला असेल तर तो फटका नाही, चार कायम. हेतू होता की नव्हता, हे सांगणारा जगात एकच माणूस आहे. तुम्ही सांगाल ते मी मानीन.” मग जरा हळू म्हणाल्या, “आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ते खोटं होणार नाही.”

म्हणजे दार उघडं होतं, आणि आत जायला वाकायचीही गरज नव्हती. मी नाही, हात गेला. चार. साठावा.

त्याने हात मांडीखालून काढला आणि टेबलावर ठेवला. मधल्या बोटाला घट्टा, करंगळी जरा वाकडी. हाच तो. बावीस पावलांवरून मारलं तेव्हाही हा विचारून गेला नव्हता. तेव्हाही तीन झाले नव्हते. पण चषक घ्यायला हा वर गेला नाही, मी गेलो. एकोणीस वर्षं ती गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. त्या दिवशीचं माझं आणि आजचं ह्याचं, अशी वाटणी कोणत्या तोंडाने करायची?

“फटका माझाच होता,” तो म्हणाला. “पाच लिहा.”

टोपीवाल्याने चार खोडून पाच केले. खेळाडूने सही केली. सही वेडीवाकडी आली, पण बँकेतल्यापेक्षा बरी.

बाहेर पडताना टोपीवाल्याने त्याला कनातीच्या आड ओढलं. इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली. तिच्याखाली टक्कल होतं, आणि टकलावर घाम.

“तू कितीपर्यंत मोजतोस म्हणालास?”

“तीन.”

“मी पाचपर्यंत मोजतो,” टोपीवाला म्हणाला. “गेल्या वर्षापासून. कोणाला बोलू नकोस.” टोपी घालून तो निघूनही गेला.

गाडीत मेहुण्याने बोटांवर पुन्हा एकदा बेरीज केली. त्याचा गप्प बसण्याचा अनुभव तोकडा, म्हणून शेवटी तो म्हणाला, “एकसष्टावा. निदान सत्तरावा आला असतात तर मी इतकी आकडेमोड केली नसती.”

“तुम्हाला दुसरी बॅग मिळेल, मेहुणे.”

“मिळेल हो. पण त्या माणसाचे डोळे उघडे असतील. मी उभा कुठे राहू?”

*

सकाळी स्वयंपाकघरात चहा उकळत होता. तो टेबलाशी बसला होता, दोन्ही हात टेबलाखाली.

“दादाचा फोन आला होता,” बायको पाठमोरीच म्हणाली.

“काय म्हणाले?”

“शिव्या दिल्या तुम्हाला. मग रडला.” तिने गॅस बंद केला. “हाताचं म्हणाला.”

“मी सांगणार होतो.”

“कधी? तीन म्हटल्यावर?”

म्हणजे मेहुण्याने सगळंच सांगितलं होतं. पण तिच्या आवाजात नवं ऐकल्याची खूण कुठेच नव्हती. तिने दोन कप मांडले आणि रोजच्याप्रमाणे अर्धे भरले. त्या दोन अर्ध्या कपांकडे तो पाहत राहिला, आणि दोन वर्षांच्या सकाळी एकामागून एक त्याच्या ध्यानात येत गेल्या. साखरेचा डबा तर पूर्वीइतक्याच वेळा भरला जात होता.

“पूर्ण भर,” तो म्हणाला.

“सांडेल.”

“सांडू दे.”

तिने भरला. त्याने उजवा हात टेबलाखालून वर आणला, आणि न मोजता कप उचलला. ओठांपर्यंत जाईतो थोडा चहा बशीत गेला, थोडा टेबलावर. तिने फडक्याला हात लावला नाही. पातेलं पुन्हा उचललं, आणि आपलाही कप काठापर्यंत भरून घेतला.