म्युझियमची माय

किळस यायला गटार तुंबावं लागतं असं नाही. टेंभुर्णीच्या बाजारातल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात ती बसल्या जागी येते.

त्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईचा रामेश्वर आला, सोबत त्याची पोरगी प्रांजली. त्याची माय साखराबाई गेल्या वर्षी वारली. वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवलं होतं आणि बॅनर हवं होतं. मधोमध मायचा मोठा फोटो, भोवती आठवणींचा कोलाज.

"फोटो दाखवा," मी म्हणाले.

त्यानं मोबाइल पुढे केला. पोळा, ट्रॅक्टरची पूजा, पुतण्याचं लग्न. साखराबाई कुठेच पुरती नव्हती. एका फोटोत नुसतं कोपर, एकात अर्धा पदर. फोटो काढायची वेळ आली की घरचे म्हणायचे, माय, तू जराशी बाजूला हो. साखराबाईला कोड होतं. ओठ, डोळ्यांभोवतालची कातडी, दोन्ही हात पांढरे. कोड लागत नाही हे डॉक्टर घसा फोडून सांगतात, पण ऐकतो कोण?

"माझ्याकडं हाए त्यांचा फोटो," मी म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी म्हातारी एकटीच फोटो काढायला आली होती. स्टुलावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "महजबीन, माजा ब्लॅक अँड व्हाइटच काढ माय, मी हाएच तशी!" आणि स्वतःच खो खो हसली. मी ते हसू टिपलं होतं. तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला तर रामेश्वरनं तोंड फिरवलं. पोटच्या पोरानं.

"ह्यो नको, आपा. घनसावंगीकडचे पाव्हणे येऊन राह्यले त्या दिवशी. हिच्या सोयरिकीचं चालू हाए. चौकात हे असं दिसलं तर मंग झालंच."

"मंग कुनाचा लावू?"

"शाळंच्या बॅनरला तुमी म्युझियमची चित्रं जोडल्ती न्हाई का, बराबर तसंच करा. माय शोभून दिसली पायजे, बस."

मोठमोठ्या म्युझियमांनी जुनी चित्रं नेटवर फुकट ठेवली आहेत. जग ती बघून शहाणं होतं. आमचा रामेश्वर त्यातून माय निवडायला बसला.

एका राणीचा चेहरा त्याला पसंत पडला, पण तिचं वय कोवळं. मग कुठल्याशा परदेशी म्हातारीचं कपाळ कापून आणलं आणि राणीला सुरकुत्या चढवल्या. हात एका गोऱ्या मडमेचे घेतले. त्या हातांत कुत्र्याचं पिल्लू होतं, ते खोडून जपमाळ दिली. "गळ्यात सोनं दाखवा." दाखवलं. "रंग आजून उजळ करा." केला. भोवतीच्या चौकटींत पाणी भरणारी, दळण दळणारी, लेकराला मांडीवर घेतलेली, अशा बाया बसवल्या. कुणाच्या कोण, कधीकाळी कुणी रंगवलेल्या. त्यांच्याखाली रामेश्वरनं लिहायला लावलं, मातोश्रींच्या आठवणी. सगळ्यात खाली शोकाकुल म्हणून तिघा भावांची नावं, रामेश्वर, सुग्रीव, पुंजाराम. बाईमाणसाचं एकही नाव नाही.

मला शिसारी आली. त्याची आलीच, पण त्याच्याइतकीच माझ्या बोटांची आली, कारण ती थांबली नव्हती. गिऱ्हाईक दारातून परत पाठवायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी भिनलंय.

"आत्ता कशी घरंदाज दिसती!" रामेश्वर खूश झाला. "प्रांजले, बघ तुजी आजी."

प्रांजली पुढे आली. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं आणि पोरीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. तिनं स्क्रीनकडे बघितलं.

"ह्याच्यात आजी कुठं हाए, बाबा?"

"आता तू नको सुरू करू."

तिनं काही सुरू केलं नाही. फक्त उजवी बाही वर सारली आणि हात माझ्या टेबलावर, की-बोर्डच्या शेजारी ठेवला. मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. त्याच्या जरा वर आणखी एक, नुकताच उमटलेला.

"आपा," ती म्हणाली, "माझ्यासाठी पन बघून ठेवा एखादा हात. मडमेचा चालंन."

रामेश्वरला हे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, आता हा पोरीला जवळ घेईल. त्यानं आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. मग तिच्या मनगटाला धरून बाही खसकन खाली ओढली. आणि आपला हात पॅन्टला पुसला.

पुसला. पोरीनं बघितलं, मीही बघितलं. नालायका, तुला ज्या हातांनी न्हाऊमाखू घातलं ते पांढरेच होते की रे, तेव्हा अंग पुसलं होतंस का?

तो माझ्याकडे वाकला, आवाज दबका करून म्हणाला, "आपा, हाताचंच हाए. बायोडाट्याच्या फोटोत तेवढं जमन ना?"

"जमन की, भाऊ," मी म्हणाले. "पन कन्यादानाला जावयाच्या हातात द्यायचा हात कोन्या म्युझियममधून आणू?"

प्रांजलीनं बाही पुन्हा वर केली, या वेळी कोपरापर्यंत.

"आपा, आजीचा खरा फोटो लावा. ते बाकीचं समदं काढून टाका."

मी माउस हातात घेतला. राणी गेली, मडमेचे हात गेले, पाणी भरणाऱ्या बाया गेल्या. मधोमध आली साखराबाई, पांढऱ्या ओठांनी खो खो हसणारी, पडदाभर.

"आन खाली माझं नाव टाका," प्रांजली म्हणाली. "नात, प्रांजली. आजीच्या नावाएवढंच मोठं."

"अगं येडी झाली का?" रामेश्वर ओरडला. "पाव्हणे वाचतेन ना!"

"म्हनूनच," ती म्हणाली.