आधी कुणी पाठवायचं

शुभाने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. प्रोग्राम सुरू झाला आणि पहिल्याच पायरीवर ठप्प.

"परत अडकलं?" रेगेसाहेब केबिनमधून डोकावले. "मढचा बर्फवाला संध्याकाळी येतोय. त्याच्यासमोर असं झालं ना, तर तुम्ही दोघं दुसरीकडे नोकरी बघा."

वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून घाटकोपरचं घर शुभाच्या पगारावर चालत होतं. तिने मान डोलावली. पलीकडच्या टेबलाकडे मात्र मुद्दाम पाहिलं नाही.

तिथे जयवंत बसला होता. बर्फाच्या कारखान्यासाठी लिहिलेल्या या प्रोग्रामचे दोन भाग एकाच वेळी चालायचे. शुभाचा भाग थंडी मोजणार, जयवंतचा कॉम्प्रेसर चालवणार, आणि दोघे एकमेकांना निरोप देणार. लिहिणाऱ्यांमध्ये मात्र अबोला. ही सगळी कल्पना शुभाची, पण साहेबांना जयवंतने 'मी असं असं केलंय' म्हणून सांगितली. वर तोंड करून, ही रुसली का, म्हणून ऑफिसभर विचारत फिरला. एकदा चुकलो म्हणायला याची जीभ झिजत होती का?

शुभाने दोन्ही भाग पुन्हा वाचले आणि कपाळावर हात मारला. तिचा भाग त्याच्या निरोपाची वाट पाहत होता, त्याचा तिच्या. आधी कुणी पाठवायचं हे ठरलंच नव्हतं. ठरवायला बोलावं लागलं असतं.

संताप गिळून तिने पडतं घेतलं. आपला भाग बदलला. आता तिचा निरोप आधी जाणार होता. तेवढ्यात जयवंत आला, नवी फ्लॉपी तिच्या टेबलावर ठेवून न बोलता परत गेला. तिने दोन्ही भाग जोडून प्रोग्राम चालवला.

पुन्हा ठप्प.

"वाट लागली!" ती पुटपुटली. तिने त्याचा नवा भाग उघडला. त्यानेही तीच ओळ बदलली होती. आता दोघेही आधी पाठवत होते, आणि समोरचा निरोप घेईपर्यंत पाठवणारा जागचा हलत नसे. घ्यायला कुणीच मोकळं नव्हतं.

म्हणजे यानेही पडतं घेतलं होतं.

ती उठून त्याच्या टेबलाशी गेली.

"जयवंत, मी माझं होतं तसं करते. तू पाठव. मी घेते."

तो खुर्ची मागे सारून उठला, पण कॉम्प्युटरकडे न जाता थेट केबिनच्या दाराशी गेला.

"साहेब," तो म्हणाला, "कल्पना कुणाची, ते मी तुम्हाला खोटं सांगितलं."