भिंतीवरचे ठिपके

आमच्या घरातल्या जिन्याला कठडा नाही. एका बाजूला बिनगिलाव्याची काँक्रीटची भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा! सासऱ्यांनी स्वतः आखलेलं घर. लोक येऊन फोटो काढतात, आणि मी त्याच जिन्यावरून घसरून गुडघा फोडून घेतला. तेव्हापासून मी खाली कोचावर झोपते आणि आमचे हे वर पलंगावर. या वयात दोन बिऱ्हाडं!

"अहो, धरायला भिंतीला एक साधा दांडा लावा," म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं. "बाबांनी लावला नाही, तो मी लावू? भिंतीची वाट लागेल."

बाबा जाऊन जमाना झाला, पण भिंत बायकोपेक्षा लाडकी! मला माझ्या पलंगावर झोपायचं होतं, बास. नाहीतर मी चालले मुलीकडे राहायला, असं ठणकावून सांगितलं होतं मी.

अशात आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी आली. तिला या घराचा अभ्यास करून कॉलेजात नकाशे द्यायचे होते. हे हरखले. मी म्हटलं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

पण पोर गुणी निघाली. टेप घेऊन घरभर मोजत सुटली. भिंतीवरचा ओरखडासुद्धा कागदावर आला पाहिजे, असा तिच्या सरांचा दंडक. "आपल्या मनाने सुधारायचं नाही, काकू. आहे तसं काढायचं."

जिन्याच्या भिंतीचा नकाशा तिने टेबलावर पसरला आणि यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे ठिपके कसले?"

"बुजवलेली भोकं आहेत, काका. तिथला सिमेंटचा रंग जरा वेगळा आहे."

"ओल असेल. बाबांची भिंत कोरी आहे. खोडून टाक ते."

पोर घाबरली, पण खोडरबर काही उचलला नाही. "खोडलं तर नकाशा खोटा होईल, काका."

हे तरातरा जिन्याकडे गेले. मागून मी लंगडत. ठिपके होते की! इतकी वर्षं मीही ओल समजून पुसत आले होते. पायऱ्यांबरोबर तिरके वर चढत गेलेले, सारख्या अंतरावर.

"दांडाच होता इथे! लावला होता बाबांनी," मी म्हटलं.

"इतक्या खाली? माणसाने काय वाकून चढायचं?" हे खेकसले.

पोरीने टेप लावला. ठिपके यांच्या गुडघ्याच्या जरासे वर. दोन मुलं वाढवलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं?

"मोठ्यांसाठी नाहीच तो," मी म्हटलं. "दुडुदुडु चालणाऱ्या पोरासाठी आहे. आणि बाबांच्या वेळी या घरात पोर एकच होतं, तुम्ही."

हे पायरीवर बसले. एका ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"लाकडी होता," म्हणाले. "मी चावायचो तो. आई ओरडायची. मला आपलं आजवर वाटायचं, ती पाळण्याची दांडी असेल."

डोळे भरून आले होते त्यांचे. माझा राग कुठल्या कुठे पळाला. बापाने पोरासाठी आपली लाडकी भिंत फोडली, पोर मोठं झाल्यावर बुजवली, आणि ते पोर जन्मभर कोऱ्या भिंतीची राखण करत बसलं!

"हिच्या हाताला येईल अशा उंचीवर दांडा काढून दे," हे पोरीला म्हणाले.

"नकाशात, काका?"

"भिंतीवर."

सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे. पण त्याच दिवशी जेवणं झाल्यावर हे माझ्या कोचापाशी आले, माझी उशी काखेत मारली आणि जिन्याच्या मोकळ्या बाजूला उभं राहून हात पुढे केला.

"चल, धर," म्हणाले. "फक्त चावू नकोस."