शाळेच्या नावावरचं यंत्र

कौशल्याबाई त्या शाळेत रुजू झाल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांना ओकारी आली, आणि तीही नऊ वर्षांच्या एका मुलीमुळे.

साल अडुसष्ट. गाव संग्रामपूरहून पायी दीड-दोन तासांवर. बाई देऊळघाटच्या माळ्याच्या घरच्या, वांगी-मिरचीच्या वाडीत वाढलेल्या, वय सव्वीस. त्यांना चौथीचा वर्ग मिळाला. वर्गाच्या दाराशी एक मुलगी वेगळ्या तरटावर बसली होती. तिच्या उजव्या कानातून पू वाहून मानेवर सुकला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. पाढे म्हणवून घेत बाई तिच्याजवळून गेल्या आणि तो वास नाकात शिरला. त्यांनी पदर तोंडाला लावला, बाहेर जाऊन दोनदा थुंकल्या, मग आत येऊन आपली खुर्ची खिडकीपाशी नेली. सगळा वर्ग बघत होता. ती मुलगीही बघत होती.

"थे माणिकरावची पंचफुला," मधल्या सुट्टीत हेडमास्तर नारायणराव म्हणाले. "बौद्धवाड्यातली. ठार बहिरी हाय. पटावर नाव हाय, हजेरी लागते, आपलं काम झालं. तुमी तिच्याकडे ध्यानच नोका देऊ."

बाईंना ते सोयीचं वाटलं, हे खरं. पंधरा दिवस त्यांनी ध्यान दिलं नाही.

मग एकदा त्यांनी शुद्धलेखन घातलं. पाट्या तपासताना पंचफुलाच्या पाटीवर पहिल्या चार ओळी अगदी बरोबर होत्या. पुढे कोरी पाटी. बाईंना आठवलं, चार ओळी आपण वर्गाकडे तोंड करून सांगितल्या आणि पाचवीपासून खिडकीबाहेर बघत सांगत सुटलो. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तोंड वळवलं की मुलीची पेन्सिल थांबायची, समोर केलं की चालायला लागायची. ही पोर तीन वर्षं दाराशी बसून मास्तरांचे ओठ वाचत होती आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी बाई माणिकरावांच्या घरी गेल्या. आई जनकाबाई निंदणावरून नुकतीच आली होती.

"गोवर झाला तवापासून कान वाह्यते, बाई. कोनं सांगतलं लसून तेलात कढवून टाका, टाकला. कोनं काही सांगतलं, थेही केलं. डाव्या कानापाशी जोरात बोललं त थोडं समजते तिले."

"दवाखान्यात नेलं नाही काऊन?"

"नेलं होतं. कंपौंडर म्हने, दुरूनच दाखव."

 खिडकीपाशी नेलेली खुर्ची बाईंना आठवली आणि या वेळी त्यांना आपलीच किळस आली. वास फक्त कानाचा होता की आपल्याला आणखीही कशाचा आला होता, हे त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर बरं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठून त्यांनी औषध आणलं आणि रोज शाळा सुटल्यावर कापसाच्या वातीने तो कान स्वतः पुसायला सुरुवात केली.  पहिले काही दिवस त्या श्वास रोखून पुसत. मुलगी हलत नसे. फक्त बाईंच्या तोंडाकडे बघत राही.

श्रावणात शेगावला एका मंडळाने कान तपासायचं शिबिर भरवलं. बाई पंचफुलाला एस.टी.ने घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या कानासाठी ऐकायचं यंत्र दिलं. काडेपेटीहून थोडी मोठी, राखाडी रंगाची डबी, छातीशी अडकवायची. तिच्यातून निघालेली वायर आणि टोकाला कानात बसवायचं बटण. आत दोन पेन्सिल सेल. मंडळाचा नियम असा, की यंत्र मुलाच्या हाती द्यायचं नाही, शाळेच्या नावावर द्यायचं. बाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी डबीवरची आवाजाची चकती फिरवली. पंचफुला दचकली. मग झग्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि मोठ्याने ओरडली, "बाई, माहा झगा बोलते!"

डबीवर कापड घासलं की खरखर ऐकू येई, तेवढंच होतं ते. पण सगळा वर्ग हसला आणि तीही हसली.

हे आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी नारायणरावांनी यंत्र ऑफिसात मागवून घेतलं. पंचफुलाच्या हातून ते त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात धरून घेतलं, तसंच कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि हात धुवायला गेले.

"सर, तिला ते रोज लागतं," बाई म्हणाल्या.

"शाळेची वस्तू हाय, बाई. पोट्टीनं पाडलं, मोडलं, त जबाब मले द्या लागते. पाव्हने आले की काढू."

"पाहुण्यांना ऐकू येतं, सर."

नारायणराव हसले. हसताना त्यांच्या दातांत सुपारी दिसत होती. बाईंना पुढे कित्येक दिवस जेवताना ते दात आठवायचे.

कपाट उघडेना, तेव्हा बाईंनी वर्गच बदलला. ओळी मोडल्या. सगळ्या मुलांना अर्ध्या चंद्रासारखं बसवलं, म्हणजे कुणीही बोललं तरी त्याचं तोंड सगळ्यांना दिसेल. पंचफुलाचं दाराशी असलेलं तरट उचललं आणि तिला मधोमध घेतलं. दोन आया तक्रार करायला आल्या. बाई म्हणाल्या, "जागा मी ठरवते." फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. आधी लिहायचं, मग वळून सांगायचं. हिशेब चिंचोके मांडून, धडा चित्र काढून किंवा करून दाखवून. ज्याला वाचता येईल त्याने वाचावं, ज्याला करून दाखवता येईल त्याने करून दाखवावं.

हे त्यांनी एकीसाठी केलं होतं. पण दिवाळीपर्यंत असं दिसलं, की मागच्या ओळीत बसून झोपणारी सहा-सात मुलंही वाचायला लागली. त्यांचे कान चांगले होते. त्यांच्यापर्यंत आजवर कुणी पोचलंच नव्हतं. हे पाहून बाईंना आनंद झाला आणि त्याहून जास्त संताप. इतकं साधं होतं हे, आणि तेही कुणी केलं नव्हतं!

जानेवारीत निरोप आला, की यंत्राचा उपयोग पाहायला तालुक्याहून साहेब येणार, सोबत फोटोवाला. नारायणरावांनी शाळा सारवून घेतली, वर्ग पुन्हा ओळींत बसवला आणि पंचफुलाला घरी थांबायला सांगितलं.

"तिचा कान वाहून राह्यला, बाई. फोटोत काय दिसन थे? पाव्हन्याले च्याचा घोट तरी जाईन काय?"

"मग यंत्र कुणाला लावणार?"

नारायणराव खुर्च्या मांडायला निघून गेले. दुपारी साहेब खुर्चीवर बसले, तेव्हा बाईंनी पाहिलं. रिबिनी बांधलेली, पावडर लावलेली, हेडमास्तरांची स्वतःची मुलगी समोर उभी होती. छातीवर ती राखाडी डबी, कानात बटण. तिचे दोन्ही कान ठणठणीत होते.

साहेबांनी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. ती वळली.

"वा! काय यंत्र आहे!" साहेब म्हणाले. वर्गाने हुकुमाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

बाई पुढे गेल्या, त्यांनी डबीचं मागचं झाकण सरकवलं. चार-पाच महिने आत पडून सेल फुटले होते. हिरवट-पांढरा थर सगळीकडे चढला होता. साहेबांचं बोट लागलं आणि त्यांनी ते रुमालाला पुसलं.

"साहेब, हे यंत्र बंद आहे. ही मुलगीही बहिरी नाही. ही सरांची मुलगी आहे. जिचं यंत्र आहे तिला आज शाळेत येऊ दिलेलं नाही."

 साहेबांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. "निघाला ना फोटो?"

"निघाला, साहेब."

"मग झालं. बाई, चांगल्या कामात असं आडवं येऊ नये. यंत्र कसं लावतात ते लोकांना कळल्याशी मतलब. मुलगी कोणती का असेना."

आणि त्यांनी चिवड्याची बशी जवळ ओढली. नारायणरावांनी कपात चहा ओतला. दोघं चिवडा खाऊ लागले. त्या चावण्याचा आवाज बाईंना असह्य झाला. त्यांनी मान वळवली तर खिडकीच्या गजांना धरून बाहेर पंचफुला उभी होती. ती साहेबांच्या ओठांकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं.

बाईंनी हात पुढे केला. हेडमास्तरांच्या मुलीने स्वतःच घाईघाईने बटण कानातून उपसलं, डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या बाई. मले नको."

"बाई, ठेवा थे! शाळेचं हाय!" नारायणराव ओरडले. त्यांच्या तोंडातून शेवेचे कण उडाले.

"शाळेचंच आहे. म्हणून शाळेतल्या मुलीला देते आहे," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पंचफुलाला घेऊन त्या गावातल्या तुळशीरामच्या सायकल दुकानात गेल्या आणि त्याच्या हाती यंत्र दिलं. त्याने पॉलिश पेपरने आतल्या पट्ट्या घासल्या, कापडाने पुसल्या, रेडिओसाठी आणलेले दोन सेल घातले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. त्याने एक पट्टी चिमट्याने वाकवली. पंचफुलाने डोळे मोठे केले, मग मान हलवली.

"येते काय आवाज?" तुळशीरामने विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "तुमी हळू बोला."

फोटो पेपरात छापून आला, खाली नारायणरावांचं नाव. तो त्यांनी काच लावून ऑफिसात टांगला. यंत्र परत करा म्हणून बाईंना तीन कागद आले. तिन्ही त्यांनी परत पाठवले, खाली लिहून: यंत्र विद्यार्थिनीच्या कानात आहे, केव्हाही येऊन पाहावे. पाहायला कुणी आलं नाही. पंचफुला चौथी पास झाली. मे महिन्यात बाईंची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एस.टी.ही जात नव्हती. नव्या मास्तरांनी ओळी पुन्हा आखल्या, हे त्यांना नंतर कळलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. फक्त तोंडाला कडू चव आली.

पुढच्या पावसाळ्यात पंचफुलाचं पोस्टकार्ड आलं. ती आता वरवट बकालला पाचवीत जात होती. अक्षर ठसठशीत होतं. "बाई, मी समोरच बसतो. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलते, म्या त्याईले सांगतलं, त थे रागावले, पन आता वळून बोलते. यंत्राची वायर तुटली. शेगावले भेटन काय?"

बाईंनी रविवारची वाट पाहिली नाही. रजेचा अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी लिहिलं: वायर आणणे.