माझ्यात फिरलेलं अश्लेषाचं रक्त

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. रवीनं घुसळलं की ताकातून लोणी वेगळं होतं, तसं मी नळीतलं रक्त गरगर फिरवून वेगळं करतो. जड कण तळाशी बसतात, हलके वर राहतात. याहून जास्त काही मला कधीच येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

माझी पहिली अकरा वर्षं नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत गेली. तिथे अनिश सर मूळपेशींवर काम करत. मूळपेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडतात त्या पेशी. त्यांच्या मदतीनं मेंदूचा किंवा स्नायूंचा झिजलेला भाग पुन्हा उभा करता येईल का, याचा शोध ते उंदरांवर घेत. बरेचसे प्रयोग फसत. फसलेलेही ते वहीत लिहून ठेवत. कुणी घाई केली तर म्हणत, "उंदीर चालला म्हणून माणूस चालेल असं नाही." त्या खोलीत मी अभिमानानं फिरलो.

मग नवं यंत्र आलं आणि माझा लिलाव झाला. नागपुरातल्याच जरीपटका भागातल्या एका खासगी दवाखान्यात मला घासूनपुसून, येणाऱ्याला समोरच दिसेल असं मांडलं. दारावर पाटी होती : 'मूळपेशींनी मेंदू व स्नायू पुन्हा नवे.'

ती पाटी वाचून पुष्पलताताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांचे यजमान नत्थूजी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात कामाला. मुलगी अश्लेषा तेरा वर्षांची. तिला स्नायू झिजण्याचा आजार होता. तरी पुष्पलताताई रोज दोन वेळा तिचे पाय ताणून व्यायाम करून घेत, म्हणून पोरगी भिंत धरून न्हाणीपर्यंत आपली आपण जाई.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "यात तिच्या मूळपेशी तयार होतील. फक्त तो व्यायाम बंद करा. नव्या पेशींना धक्का लागायला नको."

खरं म्हणजे माझ्यात तिचं साधं रक्त फिरे आणि तेच तिला परत टोचलं जाई. अश्लेषा माझ्याकडे टक लावून बघे.

"आई, हे माह्या पायासाठीच घुमून राहिलं ना वं?"

"हाव बेटा, तुह्यासाठीच."

मी फिरतच राहिलो. एकदाही अडखळलो नाही.

सहा महिन्यांत तिच्या टाचा आखडल्या. त्या दिवशी नत्थूजींनी तिला उचलूनच आणलं. डॉक्टर आतल्या खोलीत होते. रक्ताच्या नळ्या माझ्यात ठेवणारी मयुरा एकटीच बाहेर होती. पुष्पलताताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भिंत धरून चालत होती पोरगी, ते बी गेलं. खरं सांग वं, काय टाकते तू यात?"

मयुरानं आतल्या दाराकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "तिचंच रक्त, ताई. दुसरं काहीच नाही."

"मंग सहा महिने काहून गप्प राहिली?"

नत्थूजींच्या खांद्यावरून अश्लेषानं हळूच विचारलं, "म्हणजे मी व्यायाम उगाच सोडला?"

माझ्यात तेव्हाही तिची नळी होती.

पुष्पलताताईंनी आरडाओरडा केला नाही. मयुराकडून सगळं कागदावर लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली आणि तक्रार केली. चौकशीला अधिकारी आले. त्यांनी मला उघडून पाहिलं. "मशीनमध्ये काही बिघाड होता काय?"

"नाही साहेब," मयुरा म्हणाली, "मशीन एकदम चांगलं आहे."

आयुष्यात पुष्कळ कौतुक ऐकलं, पण त्या शब्दांनी मी शरमेनं मेलो.

आता मी जप्तीच्या खोलीत धूळ खात आहे. माझी ओळख पटवायला मयुरा एकदा इथे आली, तेव्हा इथल्या कारकुनाला सांगत होती : अश्लेषाचा व्यायाम पुन्हा सुरू झाला आहे. टाचा थोड्या सैल झाल्या, उभं राहणं मात्र परतलं नाही. मयुरा दर रविवारी तिचे पाय ताणायला जाते. पुष्पलताताई दार उघडतात, पण तिच्याशी बोलत नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, असं मी म्हणत नाही. अनिश सरांसारखी माणसं अजून शोध घेत आहेत, त्यांना वेळ द्या. पण कुणी चकचकीत यंत्रावर हात ठेवून आशा दाखवली, तर झाकण उघडायला लावा. आत काय आहे ते विचारा, यानं कोण बरं झालं ते विचारा. आम्हा यंत्रांना तोंड नसतं. ज्यांना आहे, त्यांनी सहा महिने थांबू नये.