विहिरीपाशी तिघं

"ते मागचं पांढरं कोण आहे?" दशरथनं फोनवर विचारलं.

"कुठलं पांढरं, बाबा?"

"तीन जण आहेत न. पुढं लाल झग्याची पोरगी. मधात हिरव्या टोपीवाला, कुऱ्हाड घेऊन. अन् मागं ते एक पांढरं. त्याला ना तोंड, ना डोळे. मी समजून राहिलो होतो, का तो मीच आहे."

तिकडे जपानात, नागोयात प्रियदर्शनी हसली. मग हसायची थांबली.

"तुम्ही हिरवी टोपी आहात, बाबा. लाल मी. मागची आई आहे."

दशरथनं टीव्हीवरच्या खेळाकडे पाहिलं. इतके दिवस त्या पांढऱ्याला तो आपणच समजत होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हातारा, थोडा वाकलेला, सगळ्यांच्या मागे. बरोबरच होतं. आता त्याला कुऱ्हाड मिळाली होती आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"आई अशी काऊन आहे?"

"लढाईत पडली की माणूस तसा होतो. सावलीसारखा. मरत नाही, मागून चालत राहतो."

"बोलत नाही?"

"नाही."

"मग ती चंपा नाही," दशरथ म्हणाला आणि फोन ठेवला.

*

विहिरीपाशी तिघं उभी आहेत.

खेळ दरवेळी इथूनच सुरू होतो. दगडी विहीर, निळ्या कौलांची पाचसहा घरं आणि टोकाला देऊळ. देवळात दाढीवाला बुवा बसलेला. त्याच्यासमोर बटण दाबलं की पडद्यावरचा माणूस मान झुकवतो आणि घंटा वाजते. मग यंत्र झालेला खेळ लक्षात ठेवतं. पडलेलं माणूस असेल तर तेही उठवता येतं, पण ते लक्षात राहायला पुन्हा एकदा मान झुकवावी लागते. मान झुकवली नाही तर यातलं काहीही होत नाही.

दशरथ रामटेके मान झुकवत नव्हता. त्यामुळे टीव्हीवरचं ते जग त्याला रोज विसरत होतं. नदीपलीकडे जावं, वटवाघळं मारावीत, गुहेत दिवा सापडावा, आणि रात्री यंत्र बंद करावं, किंवा गुरुवार असला तर दर गुरुवारसारखी लाईट जावी. परत लावलं की पुन्हा विहीर. दिवा नाही, वटवाघळं जिवंत. आधी त्याला वाटलं यंत्र बिघडलंय. खडकीच्या कारखान्यात त्यानं जन्मभर लेथ चालवला होता. तिथं एकदा कापलेलं लोखंड दुसऱ्या दिवशी पुन्हा अख्खं होऊन समोर येत नसे.

खेळ प्रियदर्शनीचा. सदाशिव पेठेत जपानी शिकताना सेन्सेई, म्हणजे तिथले सर, म्हणाले होते, वाचायची सवय हवी तर गोष्टी असलेले खेळ खेळा. हिंजवडीतल्या कंपनीनं पहिल्यांदा जपानला पाठवलं तेव्हा तिनं हे यंत्र जुनं विकत आणलं. मालिकेचं नाव लांबलचक होतं, ती नुसतं 'सिरीज' म्हणायची. पहिला भाग आला तेव्हा ती बालवाडीत होती, हा आठवा. खेळातल्या माणसांना आपण नावं द्यायची असतात. तिनं घरचीच दिली, जपानी अक्षरांत.

चंपा शेजारी मेथी निवडत बसायची. प्रियदर्शनी पडद्यावरचं जपानी वाचून मराठीत सांगायची आणि चंपा मधेमधे राजाला अक्कल शिकवायची. एकदा एका राक्षसानं खेळातली चंपा पाडली. प्रियदर्शनी तिला घेऊन देवळाकडे निघाली.

"कुठं नेऊन राहिली मला?" चंपानं विचारलं.

"देवळात. तुला उठवायला."

"मेलेली राहू दे. पण त्या बुवापुढं माझ्यासाठी मान झुकवली न, तर जेवण मिळणार नाही, सांगून ठेवते."

दशरथ पेपरामागून हसला होता. बोलणारी तीच होती, जिनं लग्न होऊन आल्यावर घरानं धम्म घेतल्यावरही सासूनं लपवलेला पितळी देवांचा डबा शोधला, मोडीत घातला आणि त्यात थोडी भर घालून कुकर आणला. सासू महिनाभर त्या कुकरमधलं वरण जेवली नव्हती.

चंपा मेथी घेऊन आत गेली तेव्हा प्रियदर्शनीनं हळूच मान झुकवून खेळ सेव्ह केला. आईला मात्र उठवलं नाही. पुढे चंपा खरीच आजारी पडली. यंत्रावर टॉवेल टाकला गेला. तो कायमचा निघाला चंपा गेल्यानंतर, प्रियदर्शनी जपानला कायमची नोकरी घेऊन गेल्यानंतर, घरात आवाज हवा म्हणून.

*

विहिरीपाशी तिघं उभी आहेत. आणि दारात आप्पासाहेब.

आप्पासाहेब शेजारचे. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त. सकाळी त्यांचा पेपर इकडे येई, दशरथचा तिकडे जाई.

"काय रामटेके, अजून विहिरीवरच? आम्हाला वाटलं होतं, रिटायर झालात."

"पुढं जातो, अन् पुन्हा मागं येतो."

"पुणे महापालिकेत नोकरी लागली म्हणायची." आप्पासाहेब बसले. "अहो, त्या देवळात जाऊन नमस्कार करून या की एकदाचे. नमस्कार तो चित्रातला माणूस करणार. तुमचं काय जातंय?"

"बोट माझं आहे न पण."

आप्पासाहेबांनी यावर चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

कारखान्यातही असंच व्हायचं. खंडेनवमीला सगळ्या मशीनवर हळदकुंकू, झेंडूच्या माळा. दशरथ आपला लेथ आदल्या दिवशीच रॉकेलनं लख्ख पुसून ठेवायचा, तेल द्यायचा, आणि पूजेच्या वेळी हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. पेढा मात्र घ्यायचा. "पेढा चालतो का, रामटेके?" फोरमन दरवर्षी विचारायचा. "पेढा काही मागत नाही, साहेब," दशरथ दरवर्षी सांगायचा.

घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. त्यांच्यापुढे तो रोज सकाळी हात जोडायचा, मानही झुकवायचा. पण तिथं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. चंपा हॉस्पिटलात असतानाही नाही. मागण्यासाठी मान झुकवायची नाही, एवढंच त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी पुष्कळ गोष्टी हल्ली ठाऊक असल्यासारख्या वाटायच्या आणि नसायच्या.

*

विहिरीपाशी तिघं उभी आहेत. फोन वाजतो.

"बाबा, नववा भाग आलाय इकडे."

"कशाचा?"

"सिरीजचा हो. ऐका ना. जुन्या खेळातली आपली माणसं नव्यात नेता येतात. यंत्रात ती छोटी पट्टी आहे ना, मेमरी कार्ड, ते इकडे आणून लावलं की झालं. मी ऑक्टोबरमध्ये येतेय तेव्हा घेऊन जाईन."

"ने."

"फक्त..." प्रियदर्शनी थांबली. "फक्त उभी असलेली माणसं जातात. पडलेली मागच्या भागातच राहतात."

दशरथनं पडद्याकडे पाहिलं. पांढरं जागच्या जागी हलत होतं, श्वास घेतल्यासारखं. सगळीच हलत होती तशी.

"म्हणजे पुढचा जन्म झाला तो," तो म्हणाला. "आपण पुढचा जन्म मानतो का?"

"बाबा, सॉफ्टवेअर आहे ते."

"अन् उठवायचं कोणी?"

"तुम्ही."

"तू काऊन नाही?"

"मला नाही जमत. दोनदा टॉवेल काढून देवळाच्या दारापर्यंत नेलं होतं मी तिला, निघायच्या आधी. मला ते मेथीचंच आठवतं. तुम्ही उठवा ना. तुमचं तिनं ऐकलं असतं."

"माझं? कधी ऐकलं तिनं माझं?"

दोघंही हसली. मग प्रियदर्शनी बारीक आवाजात म्हणाली, "तिला तिथंच सोडून मी पुढच्या भागात कशी जाऊ?"

कुठल्या भागाबद्दल ती बोलत होती, दशरथला समजलं नाही. खेळाच्याच असेल. पण तिनं नागोयात घर बघितल्याचंही याच आवाजात सांगितलं होतं.

"करतो," तो म्हणाला.

*

विहिरीपाशी तिघं.

सकाळ. बुद्धवंदना झालेली. खुर्ची नेहमीच्याच जागी, म्हणजे पाठ तसबिरींकडे आणि तोंड टीव्हीकडे. आज ती पाठ दशरथला जाणवली. त्यानं खुर्ची थोडी तिरपी केली. मग पडदा नीट दिसेना. पुन्हा सरळ केली.

हिरव्या टोपीला त्यानं देवळात नेलं. खरं तर लाल पोरगी पुढे होती आणि हिरवी टोपी तिच्यामागून गेली, पण त्याच्या मनात हिरवी टोपीच चालत होती. बुवा काहीतरी जपानीत म्हणाला. दोन ओळी आल्या. वरची ओळ म्हणजे हो, प्रियदर्शनीनं सांगून ठेवलं होतं.

अंगठा खेळाच्या रिमोटच्या बटणावर होता. तो अंगठा, ज्याचं टोक लेथनं कधीचं चपटं केलं होतं. दशरथनं त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं पाहिलं. मग दाबला.

तिघांनी माना झुकवल्या. पांढऱ्यानंसुद्धा. घंटा वाजली.

रंग पायांपासून चढला. पिवळा झगा, काळे केस, मग तोंड. मोठ्ठाले डोळे, या खेळात सगळ्यांचे असतात तसे. चंपाचे बारीक होते. ती उठली आणि रांगेत आपल्या जागी, शेवटी जाऊन उभी राहिली.

दशरथ थांबला. आता काहीतरी होईल.

काही झालं नाही.

त्यानं सगळ्यांना बाहेर आणलं, विहिरीभोवती एक फेरी मारली. ती मागून आली. मुद्दाम भिंतीला धडकवलं. ती मागे गप्प उभी राहिली. पुन्हा धडकवलं. पुन्हा गप्प.

खरी चंपा उठली असती तर आधी म्हणाली असती, "झुकवली न मान? बोलली होती न मी?" आणि त्या दिवशी चूल पेटली नसती. आणि ती कधी कुणाच्या मागून चालली होती? नागपूरला दीक्षाभूमीच्या गर्दीत ती पोरीचं बोट धरून पुढे घुसायची आणि वळून ओरडायची, "अजी, या न लवकर!" त्या गर्दीत दशरथनं नेहमी तिचा अंबाडा पाहिलेला, आणि तो पाहत तो कुठंही पोचायचा.

पडद्यावरची बाई मोठ्या डोळ्यांनी समोर बघत होती. रंगीत, धडधाकट, अगदी आज्ञाधारक.

त्या दिवशी गुरुवार नव्हता. लाईट गेली नव्हती. दशरथनं उठून स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

*

विहिरीपाशी तिघं उभी आहेत. मागचं पांढरं.

दशरथनं रिमोट हातात घेतला. आपण मान झुकवली होती की नव्हती? यंत्राच्या मते नव्हती. अंगठ्याच्या मते होती. आप्पासाहेबांना विचारावं असं वाटलं, मग वाटलं, ते चहाबद्दल काहीतरी सांगतील.

मग तो बटणं दाबत सुटला. वाचता येत नव्हतं, म्हणून सगळीच. एकदा झोळी उघडली, एकदा नकाशा. एकदा तिघांची नावं एकाखाली एक आली, त्यातलं खालचं निवडता आलं, आणि वर ढकलता आलं.

*

प्रियदर्शनी आली तो नेमका गुरुवार निघाला. दिवसभर लाईट नव्हती. तिनं पोहे केले, आईच्या साड्यांची घडी मोडून पुन्हा घातली, खिडकीतून लग्नाच्या चौकशा करणाऱ्या आप्पासाहेबांना "बघू हं काका" म्हणाली. दुपार कलल्यावर तिनं विचारलं.

"उठवलं का बाबा आईला?"

"उठवलं होतं."

"होतं?"

"मग बंद केलं. सेव्ह नाही केलं."

"चुकून?"

"नाही."

रागवावं की नाही हे तिला कळत नसावं. त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. "ती काही बोललीच नाही, बेटा," एवढंच तो म्हणाला. "उठली, अन् मागं जाऊन उभी राहिली."

टीव्हीपाशी जाऊन प्रियदर्शनीनं यंत्राच्या फटीतल्या मेमरी कार्डावर बोट ठेवलं. काढलं मात्र नाही.

संध्याकाळी पंखा एकदम फिरू लागला. शेजारी आप्पासाहेबांचा रेडिओ मधूनच सुरू झाला. दशरथनं टीव्ही लावला.

विहिरीपाशी तिघं उभी होती. लाल, हिरवी, पांढरी.

"थांब," तो म्हणाला. त्यानं नावं उघडली, खालचं निवडलं, एकदा वर ढकललं, पुन्हा एकदा वर. रोज सकाळी करायचा तसं. रोज करावं लागायचं, कारण यंत्र ते लक्षात ठेवत नव्हतं.

पांढरी पुढे आली. तिच्यामागे लाल. शेवटी हिरवी टोपी.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही." त्यानं रिमोट तिच्या हातात दिला. "चाल आता."

प्रियदर्शनीनं अंगठ्यानं दाब दिला. तोंड नसलेली पांढरी पुढे निघाली, मागून ती दोघं. निळी कौलं गेली. देऊळ आलं. प्रियदर्शनीचा अंगठा क्षणभर सैल पडला आणि तिघंही देवळाच्या दारात उभी राहिली. तिनं बापाकडे पाहिलं. बाप पडद्याकडे पाहत होता.

तिनं पुन्हा दाब दिला. पांढरी देवळावरून तशीच पुढे गेली, नदीच्या बाजूला, आणि मागची दोघं तिला गाठायला लगबगीनं चालू लागली.