किडनी कुणाची?

पेंटरीणबाईला लोकांचं 'नको' ऐकायची सवय होती, ऐकून घ्यायची मात्र नव्हती. दुकानांच्या पाट्या रंगवणं हे बाईमाणसाचं काम नाही, असं लग्नाआधी बापाने सांगितलं आणि लग्नानंतर सासूने. दोघांच्या नाकावर टिच्चून तिने शिडी खांद्यावर घेतली आणि बाजारपेठेतली निम्मी अक्षरं स्वतःच्या हाताने काढली.

सासूला घरात सगळे फौजदार म्हणायचे, अर्थात पाठीमागे. ही रंगाने माखलेली सून तिला पहिल्यापासून डोळ्यांत खुपायची. पण सुनेच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, नवऱ्याची जुळेना, नणंदेने हात वर केले, तेव्हा फौजदारच पुढे झाली. "माझी घ्या. गाडी जुनी आहे, पण इंजिन खणखणीत आहे," असं तिने डॉक्टरबाईंना ठणकावलं. ऑपरेशन झालं, सून पुन्हा शिडीवर चढली. भांडणं काही थांबली नाहीत. उलट आता सासू हक्काने भांडायची.

बरीच वर्षं चांगली गेली. मग सुनेच्या पोटात कळा येऊ लागल्या, शौचाला काळं होऊ लागलं. एका दवाखान्याची पाटी रंगवताना तिला अशी भोवळ आली, की खाली उभ्या नवऱ्याने सावरलं म्हणून हाडं शाबूत राहिली. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाहिला. लहान आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची.

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "शरीराने परकी किडनी हाकलून लावू नये म्हणून आपण त्याच्या पहारेकऱ्यांना गोळ्या देऊन गुंगीत ठेवतो. पहारा ढिला पडला, की कधीकधी असा चोर शिरतो. आता गोळ्या कमी करू, पहारेकरी जागे होतील, जोडीला गाठीवर औषध देऊ. फक्त..."

"फक्त ते किडनीच्याही अंगावर जातील," पेंटरीण म्हणाली.

"जाऊ शकतात."

"मग गोळ्यांना हात लावायचा नाही. पोट फाडा, दुसरं काय हवं ते औषध ओता. किडनी माझ्या बापाची नाही, कुणाच्या तरी पोटातून काढलेली आहे."

नवऱ्याने समजावलं, रागावला, शेवटी रडलाही. ती ढिम्म. घरात तिने सांगून टाकलं, आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. पण नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहिली तर ना!

दुसऱ्याच दिवशी फौजदार तिच्या कामाच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. पेंटरीण पत्र्यावर अस्तराचा हात मारत होती.

"गोळ्या कमी करायच्या नाहीत म्हणालीस?"

"आई, तुम्ही यात पडू नका."

"का पडू नको? किडनी कुणाची?"

"तुमची. म्हणूनच तर जपतेय."

"जपतेय म्हणे! तू मेलीस तर ती काय परत आणून देणार आहेस मला? चितेवर बरोबर घेऊन जाशील. मी ती सून जगवायला दिली, सुनेने किडनी जगवावी म्हणून नाही."

पेंटरिणीच्या हातातला ब्रश थांबला. एवढ्या वर्षांत या बाईने तिला 'सून' म्हटलं होतं ते फक्त तक्रार सांगताना.

"गेली तर पुन्हा पहिल्यासारखं डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल," ती हळूच म्हणाली. "त्या खुर्चीची मला भीती वाटते, आई."

"वाटू दे. घाबरत घाबरत जा. मी शेजारी बसून डोकं खाईन."

गोळ्या कमी झाल्या, सलाइनमधून औषधं सुरू झाली. तापाने ती पिळवटून निघाली, तोंड आलं, केस विरळ झाले. गाठ मात्र विरघळत गेली. हिवाळा सरता सरता केलेल्या तपासणीत आतडं स्वच्छ दिसलं. तोवर किडनीने मान टाकली होती. तिला वाचवायचे उपाय थकले आणि पेंटरीण पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसली. फौजदारने शब्द पाळला. शेजारच्या स्टुलावर बसून ती नर्सपासून पंख्यापर्यंत सगळ्यांच्या चुका काढायची.

एकदा नणंद भेटायला आली. हळहळत म्हणाली, "शेवटी आईची किडनी वायाच गेली ना गं, वहिनी."

फौजदारने तोंड उघडलं, पण त्याआधी पेंटरीण ताडकन बोलली, "वाया? तिच्यावर मी अर्धी बाजारपेठ रंगवली. मला वाचवून ती गेली. पुन्हा तो शब्द काढलात तर माझ्याशी गाठ आहे."

फौजदार पदराने चष्मा पुसत बसली.

तेवढ्यात डॉक्टरबाई फेरीवर आल्या. गाठ काही काळ परतली नाही, तर नव्या किडनीचा विचार करता येईल, पण धोका राहीलच, घाई नको, असं त्यांनी सांगितलं.

"विचार तुम्ही करा," पेंटरीण म्हणाली. "मला फक्त मोकळे दिवस सांगा. चौकातल्या चपलांच्या दुकानाची पाटी घेतलीय, आणि मालकाला अक्षरं लाल हवीत."

"लाल भडक दिसतील," फौजदार म्हणाली.

"दिसू देत!"